बोगद्यावरून जाणारी वाट

यंदा होळीच्या आधीच मोह गळायला लागला. शाळेतून घरी येताना वळणावर तो वास आला आणि मी सायकलवरून उतरले. हा वास सगळ्यांना झेपत नाही. गोड, जडसर, थोडा आंबूस. गुळाचा पाक जरा जास्त वेळ चुलीवर राहिला तर येतो ना, तसा. शाळेत नवीन आलेल्या मॅडम नाकाला पदर लावतात. मला मात्र या वासानं कुठे तरी बसून घ्यावंसं वाटतं. झाडाखालचा पालापाचोळा कुणीतरी जाळून जमीन साफ केली होती आणि त्या काळ्या राखेवर फिकट पिवळी फुलं एकेक करून पडत होती. पडताना आवाज येतो. अगदी हलका, ओलसर. तो आवाजही असतो हे मला दादानं सांगितलं, ज्या वर्षी तो माझ्याकडे राहायला आला होता, त्या मोहाच्या दिवसांत.

मी सालेकशाला शाळेत भूगोल शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे बदलीसाठी कुणाच्या मागे लागले नाही आणि इथलीच झाले. आमच्याकडे डांबरी रस्ता मोजक्याच गावांना जातो. बाकी सगळा मुरूम. लाल, खडबडीत, पावसात चिकट आणि उन्हाळ्यात टायरखाली कुरमुरे चावल्यासारखा वाजणारा. धानाच्या बांध्यांच्या मधून, जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या मामा तलावाच्या पाळीवरून, मग सागाच्या रानातून डोंगराकडे जाणारा. हल्ली शहरातले लोक महागड्या सायकली घेऊन अशा रस्त्यांवर मुद्दाम जातात आणि त्याला ग्रॅव्हल रायडिंग म्हणतात, असं माझा पुण्यातला विद्यार्थी सांगत होता. आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो. पण चाळिशी ओलांडल्यावर साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मला चालण्याचा कंटाळा आला, म्हणून मी जाड टायरची सायकल घेतली आणि सुटीच्या दिवशी मुरूम धरून निघायला लागले. कुठे जायचं ते ठरलेलं नसे. एखादी पांदण दिसली की वळायचं.

दादा रेल्वेत गाडी चालवायचा. मालगाडी. गोंदियाहून निघायचं, आमगाव, सालेकसा, दरेकसा, मग डोंगरातला बोगदा आणि पलीकडे छत्तीसगड. आयुष्यातली बरीच वर्षं त्यानं याच रुळांवर काढली. त्याचं नाव धनराज, पण लाइनवर सगळे त्याला धनूभाऊ म्हणत. अंगानं दणकट, बोलायला थोडका, हसला तर खांदे हलवून हसणारा. मग त्याला संध्याकाळी पायऱ्या दिसेनाशा झाल्या. एकदा स्टेशनवर ठेवलेल्या बादलीला धडकून पडला. तपासणीत कळलं की डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं मरत चाललाय, मधल्या गोलातलंच दिसतं, आणि त्यावर औषध नाही. त्याच दिवशी त्याला गाडीवरून उतरवलं. पगार तोच राहील, ऑफिसात बसायचं काम मिळेल, असं सांगितलं. ते बरोबरच होतं. दादालाही ते बरोबर वाटत होतं. हेच त्याला जड गेलं असावं. भांडायला कुणी नव्हतं.

त्यानं लांब रजा टाकली आणि घरातून बाहेर पडणं बंद केलं. उर्मिलावहिनीचा फोन आला. "नंदा, हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसून राहतात. मी बोलली तर 'हूं' म्हणतात. आमी तुझ्याकडे येऊन राहतो महिनाभर. जागा बदलली तर बरं वाटन त्याईले."

ती दोघं आली तेव्हा पळस फुलून संपत आला होता. माझं घर रुळापासून फार लांब नाही. मला वाटलं, गाड्यांचा आवाज त्याला त्रास देईल. तो उलट खिडकीशी खुर्ची ओढून बसला. गाडी गेली की ती भरलेली होती की रिकामी, ते आपल्याशीच पुटपुटायचा.

एका रविवारी मी फिरून आले आणि जेवताना वहिनीला सांगत होते की एका तलावाच्या खाली उन्हाळी धान किती हिरवंगार उभं आहे, पाळीवर बगळे कसे ओळीनं बसले होते. दादानं घास थांबवला.

"तो तलाव रुळाच्या कोणत्या बाजूनं?"

"दक्षिणेकडे. वळणाच्या थोडा पुढे."

"लंबी पाळ आहे? मधात एक चिंच?"

"हो."

"मी तो रोज पाहत होतो," तो म्हणाला. "पण खाली उतरून नाही पाहिला कधी. ही सगळी गावं मले इंजिनातूनच माहीत. एकाही गावात मी उतरलो नाही."

मग तो पुन्हा जेवायला लागला. पण मी त्या वाक्यापाशीच थांबले होते.

दोन माणसांची सायकल करून घेण्याची कल्पना माझीच. गोंदियाला बाजारात गुलाबभाईंचं सायकलीचं दुकान आहे. माझी सायकल त्यांच्याकडूनच घेतली होती. मी म्हटलं, दोन जुन्या सायकली जोडून एक करून द्या, पुढे मी बसेन, मागे माझा भाऊ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मैडम, बन जाएगी. लेकिन ये दो आदमी की साइकिल नहीं होती, दो दिमाग की होती है. पहले घर में पूछ लो."

घरी विचारलं तर दादा भडकला. "मी काय धानाचा पोता होय का, मागं टाकून नेवाले?"

"पोत्याला पायडल मारावं लागत नाही," मी म्हटलं. "तुला मारावं लागेल."

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. ती हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही.

सायकल आली. हिरवी, लांबलचक, जोडाच्या जागी वेल्डिंगचे व्रण. पहिल्या दिवशी आम्ही गल्लीच्या टोकापर्यंतही धड गेलो नाही. दोघांचे पायडल एकाच साखळीला बांधलेले; मी थांबले की त्याचे पाय अडकायचे, त्यानं जोर लावला की माझे गुडघे फेकले जायचे. मी खड्डा पाहून ब्रेक दाबला आणि तो माझ्या पाठीवर आदळला.

"अवं, सांगत काऊन नाहीस?" तो ओरडला. "मले समोरचं काही दिसून राहिलं का? तुझी पाठ तेवढी दिसते!"

शेजारच्या ओट्यावरच्या बाया आमच्याकडे पाहत होत्या. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "इंजिनात दोघं असतात, नंदा. सिग्नल दिसला की एक जण मोठ्यानं बोलते, दुसरा तेच बोलून दाखवते. हिरवा म्हटलं की हिरवा. म्हणजे दोघांनीही पाहिलं, असं पक्कं होते. तू बोल. मी तेच बोलतो."

तेव्हापासून आमचं तसंच ठरलं. "खड्डा डावीकडे." "खड्डा डावीकडे." "चढ." "चढ." "वाळू, हळू." "वाळू, हळू." रानातल्या वाटेवर दोन माणसं अशी एकमेकांना ओरडून सांगत चालली आहेत, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी आम्हाला वेडंच समजलं असेल. पण चार-पाच फेऱ्यांत सायकल सरळ धावायला लागली. मी उगाच इतरही काही सांगायला लागले. "नीलकंठ, तारेवर." मागून आवाज यायचा, "नीलकंठ, तारेवर." कधी कधी तो मान वळवून, त्याच्या नजरेच्या त्या लहानशा गोलात तो पक्षी पकडायचा प्रयत्न करायचा. सापडला की "दिसला" म्हणायचा. नाही सापडला तर काही म्हणायचा नाही, आणि मीही पुढचं काही सांगायची नाही.

मोहाच्या दिवसांत रानात भल्या पहाटे जाऊ नये. अस्वलं फुलं खायला येतात. आम्ही ऊन चांगलं पसरल्यावर निघायचो. तोवर घरंच्या घरं फुलं वेचायला झाडाखाली वाकलेली असत. टोपल्या, म्हातारी माणसं, झाडाला बांधलेली पोराची झोळी. एकदा दरेकशाकडच्या एका वस्तीजवळ आम्ही पाणी प्यायला थांबलो. तिथे कुवरबाई भेटल्या. गोंडांच्या घरची साठीपुढची बाई, हातभर गोंदण, कमरेला साडी खोचलेली. त्यांनी सायकल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली.

"ही सायकल पोटुशी होय का जी?"

दादा खांदे हलवून हसला. किती तरी दिवसांनी मी ते पाहत होते.

तेवढ्यात झाडांमागून मालगाडी आली. रूळ तिथून अगदी जवळ, वळणावर. लांबच लांब भोंगा वाजला. झोळीतलं मूल दचकून रडायला लागलं आणि कुवरबाईंनी टोपली खाली आपटली. "मेला! एवढा लंबा कायले वाजवते? आताच झोपवलं होतं मी नातवाले. रोजचा तमाशा होय याचा."

गाडी जाईपर्यंत दादा थांबला. मग म्हणाला, "इथं रूळ वळते, बाई. मोहाच्या टायमाले बाया डोक्यावर टोपल्या घेऊन रूळ ओलांडतात. डायवरले वळणामागचं दिसत नाही. म्हणून वाजवा लागते."

"तुले कसं माहीत?"

"मीच वाजवत होतो इतके वर्षं."

कुवरबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे मी इतके वर्षं शिव्या दिल्या त्या तुले?"

"एखाद-दोन लागल्या असतील."

त्या मोठ्यानं हसल्या. मग टोपलीत हात घालून त्यांनी मूठभर ताजी फुलं काढली, दादाचा हात धरून त्यात ठेवली. "खा. गोड आहेत. शिव्या द्यायले आमी जिवंत राहिलो ना, तुझ्या भोंग्यानं."

परतीच्या वाटेवर तो फक्त मी सांगितलेलं बोलत होता. घर जवळ आल्यावर म्हणाला, "मले वाटे, रानात भोंगा कोणीच ऐकत नाही."

त्याच वस्तीच्या मागे तो डोंगर सुरू होतो, ज्याच्या पोटातून रेल्वेचा बोगदा जातो. कुवरबाईंनी सांगितलं की बैलगाडीची जुनी वाट डोंगराला वळसा घालत वर जाते, बोगद्याच्या बरोबर डोक्यावर. दादानं तेच धरून ठेवलं. "डोंगराच्या आतून मी हजारदा गेलो, आता वरून जायचं आहे," म्हणायचा. वहिनीला हे वेड वाटलं. "बोगद्यावर काय ठेवलं आहे?" ती विचारायची.

आम्ही निघालो. खालचा टप्पा चांगला होता, घट्ट मुरूम, दोन्ही बाजूंना तेंदूची तांबूस कोवळी पानं. पण चढ लागल्यावर अचानक झुडपातून एक वासरू वाटेत उडी मारून आलं. "थांब!" मी ओरडले. "थांब!" मागून आवाज आला, पण तेवढ्यात आम्ही दोघंही कलंडलो होतो. मला खरचटलं. दादाचं मनगट सुजलं, कपाळावर दगड लागला. रक्त डोळ्यात आलं तेव्हा तो घाबरला. वाटेवर बसून त्यानं दोन्ही हातांनी चेहरा धरला आणि विचारलं, "डोळ्याले लागलं का? नंदा, खरं सांग, डोळ्याले लागलं का?" मी ओढणीनं रक्त पुसलं. डोळ्याला काही झालं नव्हतं. तरी तो बराच वेळ डोळे उघडायला तयार नव्हता.

वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर रागावली. जखमेवर हळद दाबत ती म्हणाली, "जे उरलं आहे ते तरी राहू दे बाई त्यांच्याजवळ. तुले फिरवायचा शौक आहे, मले त्यांच्यासोबत राहायचं आहे." त्या माणसासाठी आम्ही दोघी दोन वेगळ्या गोष्टींना भीत होतो; ती त्याला लागण्याला, मी त्यानं पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवण्याला.

नंतरचे काही दिवस सायकल ओसरीत उभी राहिली. आता आठवतं ते त्या दिवसांतलं ऊन. दुपारी गावभर मोहफुलं वाळत घातलेली असत, अंगणात, छपरावर, रस्त्याच्या कडेला. पिवळी फुलं वाळून बेदाण्यासारखी तपकिरी होत आणि त्यांचा वास घरात भरून राही. दादा पुन्हा खिडकीत बसायला लागला होता. गाडी यायची. भरलेली, रिकामी. पण आता तो पुटपुटत नव्हता. हे वहिनीच्या लक्षात आलं. एका सकाळी मी शाळेत निघाले तर ती दारात येऊन म्हणाली, "रविवारी घेऊन जा त्याईले. वरपर्यंत. मी बी येते. ऑटोनं त्या बाईच्या घरापर्यंत येईन, डबा घेऊन. तिथं बसते."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण घरात बी वाटूनच राहिली आहे."

त्या रविवारी कुवरबाईंच्या अंगणात वहिनीला बसवून आम्ही दोघं वर निघालो. जिथं चढ जमला तिथं सायकल चालवली, जिथं नाही जमला तिथं ढकलली. तो मागून ढकलायचा आणि मी पुढून दिशा द्यायची. एका ठिकाणी वाट इतकी दगडी झाली की सायकल तिथेच बोरीला टेकवून ठेवली आणि उरलेलं चाललो. दादाचा हात माझ्या खांद्यावर. वर मोकळी जागा होती. सागाची पानं गळून गेलेली, खालची बांध्यांची जमीन करड्या चौकटींसारखी पसरलेली, मध्ये एका तलावाचं पाणी चकाकत होतं. मी सांगायला लागले. त्यानं हातानं थांबवलं. "राहू दे. वारा लागून राहिला आहे, तेवढं पुरे."

आम्ही एका खडकावर बसलो. बऱ्याच वेळानं खालून भोंगा आला. वळणाचा तो लांब भोंगा. मग गाडी बोगद्यात शिरली असावी, कारण आवाज एकदम दबला. पायाखाली काही थरथरलं की मला तसं वाटलं, ते नक्की सांगता येणार नाही. जवळच्या झाडावर एक होला पक्षी घुमत होता. गाडी आमच्या खालून जात असताना तो एकदाही थांबला नाही.

"एवढाच?" दादा म्हणाला.

"काय?"

"एवढाच आवाज येते वर? आत असलो की वाटते डोंगर फुटून राहिला. कान बंद होतात. अन् इथं हा होला बी थांबला नाही."

तो हसायला लागला. मलाही हसू आलं. दोघंही मोठ्यानं हसत होतो, त्या निर्जन माथ्यावर. मग हसता हसता तो थांबला आणि समोर पाहत म्हणाला, "नंदा, तुझं तोंड मले दिसत नाही. मधातलं बी जाऊन राहिलं आहे. होळीपासून. आवाजावरून ओळखतो मी तुमाले."

मी त्याचा हात धरला. त्या दिवसापर्यंत आम्ही सगळे मानत होतो की कडेचं गेलं तरी समोरचं बरीच वर्षं राहील. नीलकंठ तारेवर असल्याचं मी सांगितलं तेव्हा तो "दिसला" म्हणाला होता. तो खरंच दिसला होता का, हे मी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

"उर्मिलेले नको सांगजो," तो म्हणाला. "तिले अजून वाटते का थोडं तरी दिसते."

उतरताना आम्ही सायकलवर बसलो नाही. सायकल हातात धरून, हळूहळू, ऊन चढत असताना खाली आलो. कुवरबाई फुलं वाळवत होत्या. वहिनी अंगणाच्या कडेच्या मोहाखाली चादर टाकून बसली होती. आम्हाला पाहताच उठली, दादाच्या अंगावर कुठे नवीन खरचटलं आहे का ते पाहिलं आणि मग सुटल्यासारखी खाली बसली.

"होतं का काही बोगद्यावर?" तिनं विचारलं.

दादा तिच्याजवळ बसला. मला वाटलं तो होल्याचं सांगेल. त्यानं दोन्ही तळवे चादरीवर टेकले आणि म्हणाला, "उर्मिले, मले आता तुझं तोंड दिसत नाही. मी तुले सांगणार नव्हतो."

कुवरबाईंचा हात फुलांवर थांबला. त्या उठून घरात गेल्या. मीही उठायला हवं होतं, पण माझ्यानं उठवलं नाही.

वहिनी डब्याची कडी काढत होती. तिनं ती काढली, झाकण बाजूला ठेवलं. "मले माहीत आहे," ती म्हणाली. "भात मधात, वरण समोर, भाजी डावीकडे. होळीपासून मी ताटातली जागा एकदा बी बदलली नाही. तुमी विचारलं का कधी, काऊन म्हणून?"

दादा तिच्या आवाजाकडे वळला. "मले वाटे, तुझी सवय होय."

"हाव. सवयच लावून घेतली."

वर झाडावरून एक फूल पडलं, चादरीवर. मग आणखी एक. वहिनीनं ताट वाढलं आणि त्याच्या पुढ्यात सरकवलं. त्यानं हात पुढे नेला, ताटाच्या कडेशी थांबला.

"भाजी?"

"डावीकडेच आहे," वहिनी म्हणाली. "अन् मी उजवीकडे बसून आहो. जेवा."